पोटाला चटका, पाठीला गारठा

पत्र

मी ग्वाल्हेरला, लश्करमध्ये राहते. मुलगा ऑगस्टमध्ये नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा तीन वर्षांचा बॉल पायथन जातीचा साप, गोटू, माझ्याकडे राहिला. आधी त्याची भीती वाटायची, आता काळजी वाटते. पेटी काचेची, तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. वर जाळीचं झाकण. बैठकीत फरशीवरच ठेवली आहे. आत एका टोकाला वर्तमानपत्राखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, चिकटवलेली आहे, ती चोवीस तास चालू असते. थंडी वाढली तसा झाकणावर शंभराचा पिवळा बल्ब लावला आणि रात्री वरून रजई टाकते. काचेवरचा काट्याचा थर्मामीटर ३० दाखवतो. लपायला एक खोका आहे, तो मॅटपासून लांबच्या टोकाला. दिवाळीनंतर त्याने काही खाल्लेलं नाही. शेवटचा उंदीर घेतला तो तिसऱ्या दिवशी ओकला. दसऱ्याला वजन ११२० ग्रॅम होतं, आता १०५० आहे. काल पोटाखाली दोन तांबूस डाग दिसले. पहाटे खोलीत ११ अंश असतात. दुपारी गच्चीवर उन्हात ठेवू का? मुलगा म्हणतो, आत ठेवायचा विजेवरचा गरम दगड मागवतो. आणि मे महिन्यात इथे त्याचं काय होणार?

उत्तर

ताई, दोन गोष्टी आधी करा आणि मग पुढचं वाचा. मॅटचा प्लग काढा. बल्बवरची रजई उचला. शंभराच्या बल्बवर कापूस भरलेलं पांघरूण टाकणं म्हणजे घराला आग लागायची वाट पाहणं आहे, आणि पोटाखालचे ते डाग बहुतेक भाजल्याचे आहेत.

आता आजची रात्र. पेटी फरशीवरून उचलून दोन लाकडी पाटांवर ठेवा, कारण ग्वाल्हेरची दगडी फरशी पौषात पेटीची ऊब अक्षरशः पिऊन टाकते. रजई पेटीच्या मागच्या आणि दोन्ही कडेच्या काचांना बाहेरून गुंडाळा, झाकणाच्या चार बोटं खालपर्यंतच. बल्ब राहू द्या, उघडा. रात्रभर उजेड त्याला आवडणार नाही, पण दोन-तीन रात्री उजेडात काढणं थंडीत काढण्यापेक्षा बरं. खोका उचलून बल्बच्या बाजूला ठेवा. खोलीचं दार बंद ठेवा आणि तेलाचा रूम हीटर असेल तर लावा. कोळशाची शेगडी मात्र त्या खोलीत अजिबात नको. बंद खोलीतला कोळशाचा धूर तुमच्याही जिवावर बेतेल आणि त्याच्याही.

गोटूचं काय झालंय ते समजलं की पुढची सगळी मांडणी आपोआप कळेल. हीट मॅट हवा तापवत नाही, तिला टेकलेली वस्तू तापवते. थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरावीक तापमानाला वीज तोडणाऱ्या यंत्राशिवाय, चालणारी मॅट कागदाखाली दबली की तिचा पृष्ठभाग ४५ अंशांच्याही वर जाऊ शकतो. तिकडे जाळीच्या झाकणातून गरम हवा वर निघून जाते, आणि ११ अंशांच्या खोलीत त्या काचेतली हवा रात्री २० अंशांवरही टिकत नसेल. म्हणजे पाठीला गारठा आणि पोटाला चटका. अंग गार पडलं म्हणून तो मॅटवर जाऊन बसतो, आणि आतपर्यंत ऊब पोचेपर्यंत खालची कातडी भाजून निघते. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात, अंधारातला उंदीर तो त्यांच्या जोरावर हेरतो. तरीही तापलेल्या तळावर साप भाजेपर्यंत बसून राहिल्याचं वारंवार दिसतं. मॅटवरून उठला की लपायला जावं तर खोका थंड टोकाला. सापाला आधी आडोसा लागतो, ऊब त्यानंतर. एकच आडोसा आणि तोही गार कोपऱ्यात असला, तर तो गारठत तिथेच बसेल. उंदीर ओकला तो याच पायी. सापाला स्वतःच्या अंगची ऊब नाही, पोटातलं पचवायला लागणारी ऊब तो बाहेरून घेतो. ती मिळाली नाही तर पोटातलं अन्न पचण्याऐवजी कुजायला लागतं आणि शरीर ते बाहेर टाकतं.

तुमच्या थर्मामीटरचे ३० अंश खोटे म्हणता येणार नाहीत, पण ते त्या काचेचे आहेत, तेही बल्बजवळच्या. काट्याचे हे थर्मामीटर चार-पाच अंशांनी सहज चुकतात. त्याहून मोठी चूक म्हणजे सापाच्या पेटीला एकच आकडा शोधणं. तिथे हवा असतो तो उतार: एक टोक ऊबदार, एक टोक गार, आणि मधे हवं तिथे थांबायची मोकळीक. हा प्राणी घाना, टोगो, बेनिनकडच्या गवताळ मुलखातला. तिथे तो उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत दिवस काढतो आणि ऊब हवी तसा पुढेमागे सरकतो. त्याच्यासाठी ऊबदार टोकाला ज्या पृष्ठावर तो बसेल ते ३१ ते ३३ अंश, तिथली हवा २८-२९, गार टोकाची हवा २५-२६. रात्री सगळं एक-दोन अंशांनी उतरलं तरी चालेल, २४ च्या खाली जाऊ देऊ नका. पृष्ठभाग ३५ च्या वर कधीही नको. आणि चुकायचंच झालं तर थंडीच्या बाजूने चुका. २२ अंशांत दोन रात्री निघाल्या तर निरोगी साप सावरतो, ४० अंशांत तासाभरात जाऊ शकतो.

आता सामान. सगळ्यात आधी थर्मोस्टॅट, मग बाकी सगळं. बाजारात एसटीसी-१००० नावाचा छोटा कंट्रोलर मिळतो, अंडी उबवणारे आणि मत्स्यपेट्या ठेवणारे तोच वापरतात. स्वस्त आहे आणि नीट लावला तर पुरेसा आहे, पण त्याची वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि त्या वेळी जवळ उभ्या राहा. मागे आठ स्क्रू असतात: १ आणि २ वीज, ३ आणि ४ प्रोबची (तापमान टिपणाऱ्या टोकाची) वायर, ५ आणि ६ हीटिंग, ७ आणि ८ कूलिंग. हीटर ५-६ वर जोडायचा. चुकून ७-८ वर जोडला गेला तर उलटा कारभार होतो, पेटी जितकी तापेल तितका हीटर चालूच राहतो. म्हणून सापाला आत ठेवण्याआधी एक चाचणी घ्या. कंट्रोलर २५ अंशांवर लावा आणि प्रोब मुठीत घट्ट धरा. आकडा भराभर वर चढेल आणि २५ ला पोचताच आतल्या रिलेचा, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा, 'टक्' असा आवाज येऊन हीटर बंद झाला पाहिजे. मग प्रोब नळाच्या गार पाण्यात बुडवा. आकडा उतरून पुन्हा 'टक्' होऊन हीटर सुरू झाला पाहिजे. दोन्ही वेळा बरोबर झालं तरच पुढे. त्याच्या सेटिंगमध्ये एफ-१ म्हणजे हवं ते तापमान, एफ-२ म्हणजे किती अंश उतरल्यावर पुन्हा चालू व्हायचं ते. एफ-२ अर्ध्या अंशावर ठेवा. प्रोब खरं बोलतो की नाही तेही तपासा: स्टीलच्या पेल्यात बर्फाचा चुरा, बुडेल एवढंच पाणी, दोन मिनिटं ढवळायचं आणि प्रोब बुडवायचा. शून्य दिसलं पाहिजे. जो फरक दिसेल तो एफ-४ मध्ये दुरुस्त करता येतो. वायरिंग नको असेल तर तयार सॉकेटचा थर्मोस्टॅट घ्या, चाचण्या याच करायच्या.

मॅट नवी घ्या. जुनी चिकटवलेली आहे, सोलताना तिच्या आतल्या पट्ट्यांना भेगा पडतात आणि त्या जागी मॅट जास्त तापते. शिवाय ती कागदाखाली ओलीही होत आली असणार. नवी मॅट पेटीच्या आत नाही, काचेच्या तळाला बाहेरून चिकटवायची, लांबीच्या एक तृतीयांश भागात, एका टोकाला. पेटीच्या चार कोपऱ्यांखाली रबराच्या गुट्ट्या देऊन तळाशी बोटभर फट ठेवा, नाहीतर खालची उष्णता कोंडते आणि काच तडकू शकते. प्रोब मॅट आणि काच यांच्या मधे, बाहेरूनच बसवा. प्रोब आत असला की साप तो ढकलतो किंवा पाण्याचं भांडं त्याच्यावर सांडतं. गार पडलेला प्रोब मग थर्मोस्टॅटला 'थंडी आहे' असंच सांगत राहतो आणि मॅट बंदच होत नाही. आत काहीही चिकटवायचं झालं तर सिलिकॉनने चिकटवा आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत साप आत ठेवू नका. सेलोटेप आत अजिबात नको. ती खवल्यांना चिकटते आणि काढताना कातडी सोलते.

थर्मोस्टॅट ३२ वर लावून दोन तास थांबा आणि मग आतल्या उघड्या काचेचं तापमान इन्फ्रारेड गनने मोजा. ही गन कारखान्यात वापरतात ती हवी. कपाळाचा ताप पाहायची गन इथे कामाची नाही, ती माणसाच्या तापाच्या आसपासचेच आकडे दाखवते. आणि गनने बाहेरून काचेतून मोजू नका, ती काचेचंच तापमान सांगेल. झाकण उघडून आत रोखा. काच ३४ च्या आत आणि अंथरुणाचा वरचा थर ३१ च्या आसपास आला की बसलं. उघडी काच मोजायचं कारण असं की साप अंथरलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) उकरून तळाशी जातोच.

स्वस्त थर्मोस्टॅटचा एक धोका माहीत असू द्या. आतला रिले वर्षा-दोन वर्षांत कधीतरी 'चालू' अवस्थेतच चिकटू शकतो, कारण दर वेळी चालू-बंद होताना त्याच्या टोकांवर ठिणगी पडते. मग स्क्रीनवर ३८ दिसत असतात आणि हीटर चालूच असतो. उपाय साधा आहे: त्याच वायरीवर दुसरा थर्मोस्टॅट, ३५ वर लावलेला. पहिला अडकला तर दुसरा तोडतो. दोन-चारशे रुपये वाचवायला हे गाळू नका.

हवा तापवायला सिरॅमिक हीटर. बल्बसारखा दिसतो पण उजेड देत नाही, म्हणून रात्री चालतो. लाल बल्ब 'सापाला दिसत नाही' म्हणून विकतात, पण तो त्याला उजेडच वाटतो. तुमच्या मापाच्या पेटीला, तिन्ही बाजू झाकलेल्या धरून, ११ अंशांच्या खोलीत १०० वॅटचा लागेल. हा आट्यांच्या होल्डरमध्ये बसतो, आपल्याकडचा नेहमीचा पिनचा होल्डर त्याला चालत नाही. आणि होल्डर चिनी मातीचाच हवा. बॅकेलाइटचा काही दिवसांत करपून तुटतो, कारण या हीटरचा पृष्ठभाग २०० अंशांच्या वर जातो. म्हणूनच तो झाकणाच्या वर बसवा. आत लावायचा असेल तर चहूबाजूंनी तारेचा पिंजरा हवा, साप त्याला वेटोळं घालतो. त्यालाही स्वतःचा थर्मोस्टॅट द्या, २८ वर. प्रोब ऊबदार टोकाला, सापाच्या पाठीच्या उंचीवर, हीटरच्या सरळ रेषेत नाही असा टांगा. झाकणाची उरलेली जाळी, सुमारे तीन चतुर्थांश, ॲक्रिलिकच्या पत्र्याने झाका. मागच्या आणि कडेच्या काचांना बाहेरून इंचभर जाडीचा थर्मोकोल लावा, पण हीटरपासून फूटभर लांब. तो ऐंशी-नव्वद अंशांतच वितळायला लागतो. रजईची जागा या थर्मोकोलने घेतली म्हणून समजा.

आडोसे दोन, अगदी सारखे, एक ऊबदार टोकाला आणि एक गार टोकाला. कुंभाराकडची छोटी कुंडी उपडी घालून काठाला साप सहज शिरेल एवढं तोंड करून घ्या आणि कडा कानशीने गुळगुळीत करा. कुंडी ऐसपैस नको. वेटोळं घातल्यावर अंग सगळीकडून टेकलं पाहिजे, तेव्हाच तो निवांत होतो. सारखे दोन असले की त्याला आडोसा की ऊब अशी निवड करावी लागत नाही. आणि मग तुम्हालाही एक माप मिळतं. दिवसभर गार कुंडीतच पडून असेल तर ऊबदार टोक जास्त तापलंय, सतत गरम कुंडीत असेल तर हवेतली ऊब कमी पडतेय, येऊन-जाऊन असेल तर ठीक.

या सगळ्यात हवा कोरडी होते, तेही पाहावं लागतं. बाहेर धुकं असलं तरी ११ अंशांची, ८० टक्के दमट हवा पेटीत २८ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता २८ टक्क्यांवर येते. बॉल पायथनला ५५ ते ६५ लागते, कात टाकताना ७०. तीन-चार सेंटिमीटर कोकोपीट, हाताला जेमतेम ओलसर लागेल इतकं, आणि गार टोकाला जड बुडाचं पाण्याचं भांडं. कात टाकायच्या दिवसांत, म्हणजे डोळे निळसर दिसायला लागले की, ऊबदार कुंडीत ओलं शेवाळ ठेवा. पिचकारीने सगळीकडे पाणी मारत बसू नका. ओल आणि गारठा एकत्र आले की फुप्फुसांचा संसर्ग होतो: श्वासाला शिट्टीसारखा आवाज, नाका-तोंडाशी फेस, तोंड उघडं ठेवून मान वर. यातलं काहीही दिसलं तर पेटीचं तापमान वरच्या मर्यादेत ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पोटाच्या जखमा बऱ्या होईपर्यंत मात्र कोकोपीट नको, साधा स्वच्छ पांढरा कागद अंथरा आणि रोज बदला. नवी मॅट आली तरी या काळात ३१ वरच ठेवा. औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन-आयोडीन कोमट पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करा, दिवसातून एकदा डाग त्याने हळुवार धुवा, कोरडं होऊ द्या आणि सिल्व्हर सल्फाडायझिन मलमाचा पातळ थर लावा. हळद, तूप, टूथपेस्ट काही नको. नुसता तांबूस डाग असेल तर एक-दोन काती टाकल्यावर जातो. फोड आले, पाणी सुटलं, खवले काळे पडून उचलायला लागले तर घरगुती उपायांचा विषय संपला, अँटिबायोटिक लागतं. सापांचा अनुभव असलेला डॉक्टर गावात नसेल तर डागांचे फोटो आणि वजनाची नोंद घेऊन आधी फोनवर बोला. जबलपूरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठात वन्यप्राण्यांच्या आरोग्याचा स्वतंत्र विभाग आहे, तुमच्या डॉक्टरांना तिथे विचारता येईल.

लाईट जाण्याचं बघू. हीटर इन्व्हर्टरवर चालतात, साध्या इन्व्हर्टरवरही, फक्त थर्मोस्टॅट हा चालू-बंद करणाऱ्या जातीचा हवा; उजेड कमी-जास्त करावा तसे वीज बदलणारे थर्मोस्टॅट साध्या इन्व्हर्टरवर बिघडतात. १५० अँपियर-तासांची बॅटरी चांगली असेल तर मॅट आणि सिरॅमिक हीटर एवढ्यावर आठ-दहा तास काढते, घरचे पंखे-दिवे चालू नसतील तर. इन्व्हर्टर नसेल तर गरम पाण्याची रबरी पिशवी, हाताला सोसवेल इतपतच गरम, टॉवेलात गुंडाळून ऊबदार टोकाच्या काचेला बाहेरून टेकवा आणि पेटीवर चादर टाका; हीटर बंद असल्याने आता ती चालेल. पिशवी दर दोन तासांनी भरा. लाईट आली की चादर आधी काढायची. ती आठवण म्हणून हीटरच्या बटणापाशी चिठ्ठी लावून ठेवा. वायरींना प्लगपाशी थोडा झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटात न जाता खाली गळेल, आणि त्या पॉइंटला आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारा स्विच) आहे ना ते इलेक्ट्रिशियनला विचारा.

गच्चीवर उन्हात नको. आपण जानेवारीत उन्हं खात बसतो आणि तो बिचारा गारठलेला, तेव्हा मनात येणं साहजिक आहे, पण काचेची बंद पेटी कोवळ्या उन्हातही पंधरा-वीस मिनिटांत चाळिशी ओलांडते आणि त्याला पळायला जागा नसते. गरम दगडही मागवू नका, मुलाला तसं सांगा. तो मॅटसारखाच पोटाला चटका देतो, वर एकाच जागी, आणि बहुतेकांना थर्मोस्टॅट नसतो.

मे महिन्याची काळजी तुम्ही आत्ताच करताय हे फार चांगलं, कारण ग्वाल्हेरचा खरा धोका तोच आहे. थर्मोस्टॅट हीटर बंद करू शकतो, खोली गार करू शकत नाही. ४५-४६ अंशांच्या दुपारी वरच्या मजल्यावरची खोली ३८-४० होते आणि तेव्हा पेटीत गार टोक उरतच नाही. पेटी एप्रिलच्या सुरुवातीलाच तळमजल्यावर, आतल्या खोलीत, जाड भिंतीलगत हलवा. जुन्या वाड्यात राहत असाल तर माजघरासारखी जागा उत्तम. मे-जूनच्या कोरड्या हवेत कूलर छान काम करतो, खोली तिशीच्या आसपास आणतो, आर्द्रताही वाढवतो. फक्त त्याचा झोत थेट पेटीवर नको. पाऊस सुरू झाला की दमट हवेत तोच कूलर निकामी होतो, तेव्हा एसी २७-२८ वर. लाईट गेली तर गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून गार टोकाच्या काचेला बाहेरून टेकवा. साप तोंड उघडून पडला, अंग सैल पडलं, तर २५-२६ अंशांच्या उथळ पाण्यात ठेवा, डोकं वर राहील असं. बर्फाचं पाणी वापरू नका, एकदम गार केलं की धक्का बसतो.

रोज तीन वेळा आकडे वहीत लिहा: पहाटे पाचला, दुपारी तीनला, रात्री दहाला. पहाटेचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण थर्मामीटर आपण सहसा दिवसा बघतो आणि पेटी पहाटे गारठते. कमाल-किमान लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर घेतलात, दोन्ही टोकांना एकेक, तर तेवढ्यासाठी उठावं लागणार नाही.

पेटी कधी बदलायची झालीच तर काचेची घेऊ नका. सुताराकडून अठरा मिलिमीटर प्लायची, चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच, आतून लॅमिनेट, पुढे सरकती काच अशी करून घ्या. हवेची भोकं गार टोकाला खाली आणि ऊबदार टोकाला वर. पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला हीच लांबी लागते आणि लाकूड ऊब धरतं. तिच्यात मात्र मॅटऐवजी वरूनच ऊब द्यायची.

कागदपत्रंही एकदा मुलाला विचारा. बॉल पायथन साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतो, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर त्याची नोंदणी लागते.

आणि खाणं. घाबरू नका, १०५० ग्रॅम म्हणजे ७० ग्रॅमची, सहा टक्क्यांची घट. हे साप थंडीत कित्येक आठवडे स्वतःहूनही उपाशी राहतात. दसऱ्याच्या वजनावर दहा टक्के ही मर्यादा धरा: काटा १००८ च्या खाली गेला तर डॉक्टर. वजन दर रविवारी, त्याच काट्यावर. नवी मांडणी लागल्यावर वहीत सलग तीन दिवस ऊबदार पृष्ठ ३१-३२ आणि गार टोक २५ दिसेपर्यंत उंदीर देऊच नका, आणि पोटावरचे डाग कोरडे झालेले असू द्या. पहिला घास नेहमीपेक्षा लहान, ३० ते ४० ग्रॅमचा. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये मऊ होऊ द्या, मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून ४० अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, मायक्रोवेव्हमध्ये नाही. कोरडा पुसून, डोक्याकडची बाजू जरा जास्त ऊबदार आहे ना ते बघून, संध्याकाळी दिवे मंद करून लांब चिमट्याने ऊबदार कुंडीच्या तोंडाशी धरा. वीस मिनिटांत घेतला नाही तर उचलून टाका आणि आठवड्याने पुन्हा द्या. घेतला तर दोन दिवस त्याला हात लावू नका, आणि त्या दोन रात्री पहाटेचा आकडा स्वतः उठून बघा.